पडद्यासमोरचा शिक्षक : ‘क्लास’ प्रकल्प ते ‘एमएस-सीआयटी’ – शिक्षकांच्या संगणक-परिचयाची चिकित्सा

सारांश

भारतीय शाळांत वैयक्तिक संगणकाचा प्रवेश १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रायोगिक प्रकल्पाद्वारे झाला. महाराष्ट्रातील बहुसंख्य शिक्षकांची संगणकाशी प्रत्यक्ष ओळख मात्र २००२ नंतर ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे झाली. या दोन उपक्रमांनी शिक्षकाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, त्यास काय दिले आणि काय द्यावयाचे राहून गेले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. दोन्ही उपक्रमांनी शिक्षकास यंत्राची ओळख करून दिली. त्या यंत्राने शिकविण्याची ओळख करून देण्याचे काम मात्र शिक्षकाच्या वैयक्तिक हौसेवर सोपविले गेले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संगणक साक्षरता, क्लास प्रकल्प, बीबीसी मायक्रो, एमएस-सीआयटी, सेवांतर्गत प्रशिक्षण, मराठवाडा.

१. प्रस्तावना

शाळेत नवे साधन येते तेव्हा त्याचा पहिला विद्यार्थी शिक्षक असतो. फळा, नकाशा, पृथ्वीचा गोल, शाळेतील रेडिओ, दूरदर्शन या सर्व साधनांच्या बाबतीत हे घडले. परंतु या साधनांनी शिक्षकाच्या ज्ञानाला आव्हान दिले नव्हते. नकाशा कसा टांगावा हे शिकण्यासाठी कोणत्याही भूगोल शिक्षकाला परीक्षा द्यावी लागली नाही. संगणकाच्या बाबतीत प्रथमच असे घडले की, वर्गातील अधिकारी व्यक्तीला त्याच्याच विद्यार्थ्यांसमोर नवशिक्या व्हावे लागले. त्यामुळे शिक्षकांच्या संगणक-परिचयाचा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. तो शिक्षकाच्या प्रतिष्ठेचा, भाषेचा आणि व्यावसायिक स्वातंत्र्याचाही प्रश्न ठरतो.

या संदर्भात तीन संकल्पनांची गल्लत टाळणे आवश्यक आहे. संगणक साक्षरता म्हणजे यंत्र हाताळता येणे. संगणक अध्ययन म्हणजे यंत्राची रचना व आज्ञावली-लेखन हा अभ्यासविषय म्हणून शिकणे. संगणकसाहाय्यित अध्यापन म्हणजे गणित, भूगोल किंवा भाषा शिकविताना या यंत्राचा विचारपूर्वक वापर करणे. पहिल्या दोन गोष्टी साध्य झाल्या की तिसरी आपोआप साध्य होईल, असे गृहीतक गेल्या चार दशकांतील बहुतेक सरकारी योजनांच्या मुळाशी आढळते. या गृहीतकाची तपासणी हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. ‘क्लास’ प्रकल्प : नावातच दिसणारी दृष्टी

‘कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स’ या नावाची आद्याक्षरे घेऊन ‘क्लास’ हे नाव तयार झाले. इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालय यांनी १९८४-८५ मध्ये सुमारे अडीचशे शाळांत हा प्रकल्प प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी निरनिराळ्या अभियांत्रिकी व उच्च शिक्षण संस्थांमध्ये साधनकेंद्रे स्थापन झाली. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक त्यासाठी निवडण्यात आला. असे सुमारे १२,००० संगणक राज्य सरकारांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना वितरित करण्यात आले. पुढे आठव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९९३ पासून, प्रकल्पाला केंद्रपुरस्कृत योजनेचे स्वरूप मिळाले. त्या टप्प्यात जुन्या २,५९८ शाळांना प्रत्येकी वार्षिक ८०,००० रुपये अनुदान आणि नव्या २,३७१ शाळांना नवी यंत्रसामग्री देण्याची तरतूद झाली.

प्रकल्पाच्या नावाकडे बारकाईने पाहिले तर त्याची मर्यादा तेथेच लक्षात येते. त्यात साक्षरता आहे, अध्ययन आहे, शाळाही आहे. अध्यापन मात्र नाही. ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. ज्या योजनेच्या शीर्षकात शिकविण्याला स्थान नाही, तिच्या प्रशिक्षणात शिकविण्याच्या पद्धतीला किती स्थान मिळणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे. प्रशिक्षण अभियांत्रिकीच्या जाणकारांकडे गेले आणि अध्यापक महाविद्यालये बाजूला राहिली, हे या दृष्टीचेच फलित होते. यंत्राचा जाणकार यंत्र शिकवितो. अपूर्णांक भागाकारात विद्यार्थी कोठे अडखळतो, हे त्यास ठाऊक असण्याचे कारण नसते.

आकड्यांचा साधा हिशेबही उद्बोधक आहे. १२,००० संगणक व जुन्या २,५९८ शाळा यांचे प्रमाण काढले तर दर शाळेस सरासरी पाचही संगणक येत नाहीत. पन्नास विद्यार्थ्यांच्या तुकडीत एका पडद्यासमोर दहा ते अकरा मुले बसतात. त्यांपैकी कळफलकावर एकाचाच हात असतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे येतात. अशा परिस्थितीत उरलेल्या नऊ-दहा मुलांनी काय करावे, हा खरा शैक्षणिक प्रश्न होता. गट कसे पाडावेत, कागदावर आधी काय करवून घ्यावे, पडद्यावर काय पडताळून पाहावे, याचे मार्गदर्शन शिक्षकास हवे होते. तसे ते मिळाले असते तर पाच संगणकही पुरे पडले असते.

३. यंत्र, भाषा आणि शिक्षकाचे एकाकीपण

बीबीसी मायक्रो हे त्या काळातील उत्तम शैक्षणिक यंत्र होते, हे मान्य करावे लागते. त्याची स्मृती ३२ केबी होती. कळ दाबताच यंत्र दोन सुरांचा आवाज करी व क्षणार्धात बेसिक भाषेतील आज्ञा स्वीकारण्यास सिद्ध होई. चार-सहा ओळींची आज्ञावली लिहून पाढ्यांचा सराव घेणारे साधन शिक्षक स्वतः तयार करू शकत असे. यंत्र आणि वापरणारा यांच्यात चित्रांचा, खिडक्यांचा पडदा नव्हता. त्यामुळे शिक्षकास निर्माता होण्याची जी संधी त्या यंत्राने दिली, ती नंतरच्या अधिक शक्तिशाली यंत्रांनी बऱ्याच अंशी काढून घेतली, असे म्हणता येईल.

परंतु ही संधी इंग्रजीच्या उंबरठ्यापलीकडे होती. ‘प्रिंट’, ‘इनपुट’, ‘गोटू’ या आज्ञा इंग्रजी होत्या. यंत्राबरोबरचे शैक्षणिक साहित्यही मुख्यतः ब्रिटिश शाळांच्या गरजेतून घडलेले होते. देवनागरीचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. या संगणकावर वापरकर्त्याला स्वतःची अक्षरे घडविण्याची सोय होती. पण प्रत्येक अक्षर आडव्या आठ व उभ्या आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसवावे लागे. रोमन लिपीला ही चौकट पुरते. देवनागरीत मात्र शिरोरेघेला एक ओळ, वरच्या मात्रा-वेलांटी-रफाराला दोन ओळी आणि खालच्या उकाराला दोन ओळी वगळल्या की मूळ अक्षरासाठी तीनच ओळी उरतात. तीन ओळींत ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ उमटविणे शक्य नाही. दोन चौकटी एकावर एक रचून मार्ग काढता येत होता; तथापि ठिपक्यांच्या पडद्यासाठी स्मृती खर्ची पडत असे. सर्वाधिक तपशिलाच्या पडद्याला ३२ पैकी २० केबी स्मृती एकट्या चित्रासाठी लागे. थोडक्यात, मराठी माध्यमाच्या शिक्षकाला ‘संगणक’ हा शब्द त्या पडद्यावर सुबकपणे लिहिण्यासाठीही अभियंत्याचे कष्ट करावे लागले असते.

भारतीय लिप्यांसाठीचे तंत्रज्ञान देशात विकसित होतच होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये नावारूपास आले आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संगणकीय सांकेतिकीकरणाचे मानक प्रसिद्ध झाले. म्हणजे शाळेत यंत्र १९८४ मध्ये आले आणि त्या यंत्रवर्गासाठी लिपीचे प्रमाणीकरण सात वर्षांनी झाले. शिक्षकाचे पहिले प्रशिक्षण नेमके या सात वर्षांच्या पोकळीत झाले. त्या पोकळीत मराठी माध्यमाच्या शिक्षकाची नकळत अशी समजूत झाली की, संगणक हा इंग्रजी-गणित-विज्ञानवाल्यांचा विषय आहे. मराठी, इतिहास शिकविणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. ही समजूत पुढे लिपी उपलब्ध झाल्यावरही दीर्घकाळ टिकून राहिली.

यात वीजपुरवठ्याची भर पडते. यंत्रात कायमस्वरूपी साठवण नव्हती. लिहिलेली आज्ञावली कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर नोंदवून ठेवावी लागे. वीज गेली की तासभराचे काम पुसले जाई. शाळेच्या व्यवहारात त्याहून मोठा अडसर डेडस्टॉक नोंदवहीचा असतो. मौल्यवान वस्तूची नोंद झाली की तिची जबाबदारी एका व्यक्तीवर येते आणि वस्तू बिघडल्यास खुलासा द्यावा लागतो. अशा व्यवस्थेत कुलूप हा सर्वांत सुरक्षित शैक्षणिक निर्णय ठरतो. संगणक कक्ष बंद राहण्याचे कारण शिक्षकाच्या अनास्थेत शोधण्यापूर्वी या नोंदवहीत शोधले पाहिजे.

४. तुलनेसाठी दोन संदर्भ

ज्या देशातून हे यंत्र आले, तेथे त्याचा प्रवेश वेगळ्या रीतीने झाला होता. बीबीसीचा संगणक साक्षरता प्रकल्प प्रौढांसाठीच्या दूरचित्रवाणी मालिकेशी जोडलेला होता. जानेवारी १९८२ मध्ये ‘द कॉम्प्युटर प्रोग्राम’ ही मालिका प्रसारित होऊ लागली. शाळांच्या बाजूने १९८० ते १९८६ या काळात ‘मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स एज्युकेशन प्रोग्रॅम’ कार्यरत होता. त्याच्या प्रादेशिक केंद्रांतून शिक्षकांना विषयनिहाय प्रशिक्षण व साहित्य मिळत असे. तेथील सर्व शाळांत आदर्श वापर झाला, असे म्हणता येणार नाही. मात्र यंत्राभोवती एक सामाजिक वातावरण होते. शिक्षकाच्या घरच्या दूरचित्रवाणीवरही त्याच यंत्राची चर्चा चाले. भारतात यंत्र आले. ते वातावरण आले नाही. आयात केलेल्या वस्तूबरोबर तिचा परिसर आयात होत नाही, हा यातील बोध होय.

दुसरा संदर्भ सिमूर पेपर्ट यांचा आहे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात त्यांनी संगणकाने मुलाला घडविण्यापेक्षा मुलाने संगणकाला आज्ञा देऊन स्वतःचा विचार घडवावा, अशी भूमिका मांडली. लोगो या भाषेतील ‘कासव’ हे त्याचे साधन होते. ‘५० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे’ ही आज्ञा चार वेळा दिली की चौरस तयार होतो. आता त्रिकोण काढावयाचा झाल्यास पाठ्यपुस्तकातील ज्ञानावर विसंबून बहुतेकजण ६० अंश सांगतात; आणि कासव त्रिकोण पूर्ण न करता षट्कोणाच्या वाटेने जाते. कारण कासव आंतरकोनातून वळत नाही, बाह्यकोनातून वळते. त्रिकोणासाठी त्यास १२० अंश वळावे लागते. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते, हे प्रमेय येथे चुकीमधून हाती लागते.

शिक्षक प्रशिक्षणाच्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचे आहे. कासवाच्या या चुकीत शिक्षक आणि विद्यार्थी एकाच पातळीवर येतात. दोघेही चुकतात व दोघेही शोधतात. शिक्षकाने चुकण्याची तयारी ठेवणे हीच संगणक-परिचयाची पहिली पायरी होय. परंतु आपल्या व्यवस्थेत शिक्षकाला चुकण्याची मुभा नाही. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी भारतीय शिक्षकाचे वर्णन ‘दुबळा हुकूमशहा’ अशा आशयाच्या संज्ञेने केले आहे : वर्गात सत्ताधीश, व्यवस्थेत हतबल. संगणकाने त्याची वर्गातील सत्ता डळमळीत केली, पण व्यवस्थेतील हतबलता कमी केली नाही. मग त्याने यंत्रापासून अंतर राखले तर नवल नाही. अमेरिकन अभ्यासक लॅरी क्युबन यांनी १९८६ मधील ‘टीचर्स अँड मशीन्स’ या ग्रंथात चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांच्या शालेय वापराचा इतिहास तपासून असेच दाखविले की, वर्गाच्या दैनंदिन रेट्याशी जुळेल तेवढेच शिक्षक स्वीकारतो. त्याच्या नकाराला आळस म्हणणे सोपे असते; त्यामागील व्यावहारिक शहाणपण ओळखणे कठीण असते.

५. मराठवाड्याचा संदर्भ

या प्रश्नाला मराठवाड्यात आणखी एक परिमाण आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत येथील सरकारी शिक्षणात उर्दू माध्यमाचे प्राबल्य होते. त्यानंतर मराठी माध्यम आले, परिभाषा बदलली, पाठ्यपुस्तके बदलली. उर्दूतून शिकून शिक्षक झालेल्या पिढीने वर्गात उभे राहूनच मराठी परिभाषा आत्मसात केली. साधन व माध्यम बदलले तरी येथील शिक्षक ते पेलतो, याचा हा ऐतिहासिक पुरावा आहे. मात्र त्या बदलात शिक्षकाला जे शिकावयाचे होते, ते तो दुसऱ्याच दिवशी वर्गात वापरणार होता. शिकणे आणि शिकविणे यांत अंतर नव्हते. संगणकाच्या बाबतीत हेच अंतर निर्माण झाले.

दुसरी बाब अनुशेषाची. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने आपला अहवाल १९८४ मध्ये सादर केला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य व तांत्रिक शिक्षण अशा क्षेत्रांतील विभागवार तूट त्यात मोजण्यात आली. ज्या वर्षी राज्य मराठवाड्यातील विजेची व शिक्षणाची तूट मोजत होते, त्याच वर्षी केंद्र शाळांत संगणक ठेवण्याची सुरुवात करीत होते. या दोन कागदपत्रांचे परस्परांशी नाते जोडले गेले नाही. विजेचा अनुशेष असलेल्या भागातील शिक्षकाचे संगणक प्रशिक्षण वेगळ्या रीतीने आखावे लागेल, त्यात यंत्राविना करावयाच्या पूर्वतयारीला अधिक स्थान द्यावे लागेल, हा विचार त्यामुळे पुढे आला नाही. पुढे २००० च्या दशकात ग्रामीण मराठवाड्याने दीर्घ भारनियमन अनुभवले, तेव्हाही प्रशिक्षणाचा आराखडा अखंड वीजपुरवठा गृहीत धरूनच चालला. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहरातील प्रशिक्षण केंद्रात शिकलेले कौशल्य कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातील दोनशिक्षकी शाळेत कसे वापरावे, याचे उत्तर त्या आराखड्यात नव्हते.

६. ‘एमएस-सीआयटी’ : व्याप्ती आणि मर्यादा

महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि २००२ पासून ‘महाराष्ट्र स्टेट सर्टिफिकेट इन इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ हा अभ्यासक्रम राज्यभर सुरू झाला. या उपक्रमाचे श्रेय निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. अभ्यासक्रम मराठीत उपलब्ध झाला. तालुक्याच्या गावी केंद्रे निघाली. संगणकाला हात लावण्याची भीती लाखो लोकांच्या मनातून गेली. ‘क्लास’ प्रकल्प जेथे अडखळला, ती भाषेची पायरी येथे ओलांडली गेली. माउस, खिडकी, फाइल, फोल्डर हे शब्द मराठी बोलण्यात रुळले ते याच काळात.

तथापि शिक्षकाच्या दृष्टीने पाहता या उपक्रमात एक मूलभूत उणीव राहिली. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता आवश्यक करण्यात आली, तिची मुदत वाढत जाऊन ३१ डिसेंबर २००७ पर्यंत आली आणि ती प्राप्त न केल्यास वेतनवाढ रोखण्याची तरतूद झाली. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही हा नियम लागू झाला. लिपिक, तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्यासाठी अभ्यासक्रम एकच, परीक्षाही एकच. पत्र टंकलिखित करणे, तक्ता तयार करणे, सादरीकरण बनविणे, इंटरनेट वापरणे ही कौशल्ये सर्वांना उपयुक्त आहेत, यात शंका नाही. पण शिक्षकाच्या व्यवसायाचे जे वैशिष्ट्य, म्हणजे पाठटाचण, प्रश्ननिर्मिती, विद्यार्थ्याच्या चुकीचे निदान, त्याचा या अभ्यासक्रमाशी संबंध आला नाही. शासनाच्या लेखी शिक्षक हा प्रथम कर्मचारी होता.

येथे ‘संगणक साक्षरता’ या शब्दप्रयोगाचाही विचार करावा लागतो. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले आणि नव्वदच्या दशकात संपूर्ण साक्षरता मोहिमांमध्ये प्राथमिक शिक्षकांनी मोठा भार वाहिला. दशकभरात त्याच शिक्षकाला सांगण्यात आले की, आता तो स्वतः निरक्षर आहे. साक्षरतेचे रूपक येथे शिक्षकाच्या पूर्वज्ञानाचे मूल्य शून्य ठरविते. वीस वर्षे भूमिती शिकविणारी व्यक्ती संगणकासमोर बसते तेव्हा ती कोरी पाटी नसते. कोणती आकृती हलती दाखविल्यास मुलांना कळेल, हे तिला इतर कोणाहूनही अधिक समजते. या अनुभवाला हात घालणारे प्रशिक्षण झाले असते तर भीतीचे रूपांतर उत्सुकतेत झाले असते. उलट, पन्नाशी ओलांडलेल्यांना अर्हतेतून सूट देण्यात आली. प्रशासकीय दृष्टीने ही सवलत मानवीय होती. शैक्षणिक दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा होतो की, सर्वाधिक अध्यापनानुभव असलेली पिढीच या संवादाबाहेर राहिली.

वेतनवाढीशी जोडलेल्या परिचयाचा परिणामही तसाच झाला. प्रमाणपत्र हे साध्य बनले. प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदविले गेले की परिचय संपला. ज्या शाळेत संगणकच नाही तेथे परतलेल्या शिक्षकाचे कौशल्य काही महिन्यांत विरून जाणे अपरिहार्य होते. शाळांना संगणक पुरविण्याच्या योजना आणि शिक्षकांना प्रशिक्षित करण्याच्या योजना स्वतंत्र विभागांतून, स्वतंत्र वेळापत्रकांनी राबविल्या गेल्या. डिसेंबर २००४ पासूनच्या केंद्राच्या ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजनेखाली पुढे राज्यात खासगी संस्थांमार्फत कराराने संगणक कक्ष उभारले गेले व त्यासाठी स्वतंत्र, तात्पुरते संगणक शिक्षक नेमले गेले. परिणामी विषयशिक्षक पुन्हा बाजूला सरला. करार संपताच संगणक शिक्षकही गेला आणि कक्ष मागे उरला.

७. नोंदी भरणारा शिक्षक

प्रशिक्षणाचा उपयोग झालाच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तो झाला, पण अपेक्षित ठिकाणी झाला नाही. वेतनासाठी ‘शालार्थ’, शाळेच्या माहितीसाठी ‘यू-डायस’ आणि २०१५ पासून विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी ‘सरल’ अशा प्रणाली आल्या. या प्रणालींत माहिती भरण्याचे काम शिक्षकाकडे आले. मुदतीच्या आत माहिती भरण्यासाठी शिक्षकांनी रात्री जागविल्या, तालुक्याच्या सायबर कॅफेत रांगा लावल्या. ज्या अभ्यासक्रमाने त्यास लिपिकासमान मानले, त्याचे कौशल्य लिपिकाच्या कामासाठीच वापरले गेले. यात विलक्षण सुसंगती आहे. संगणक शिक्षकापर्यंत पोहोचला तो अध्यापनाचे साधन म्हणून नव्हे, तर अहवालाचे साधन म्हणून. शिक्षक पडद्यासमोर बसला, त्या वेळी वर्ग मात्र त्याच्या पाठीमागे होता.

८. आक्षेपांचा विचार

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हाताळणी शिकल्याशिवाय अध्यापनात वापर अशक्य आहे. म्हणून ‘आधी यंत्र, मग अध्यापन’ हा क्रम योग्यच होता. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु क्रम उलटाही असू शकतो. २००० पासून भारतात राबविल्या गेलेल्या इंटेलच्या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात शिक्षक स्वतःच्या विषयातील एक घटक निवडून त्याभोवती पाठ्यनियोजन व नमुना साहित्य तयार करीत. यंत्राची कौशल्ये त्या गरजेतून शिकली जात. म्हणजे पर्याय अज्ञात नव्हता. सक्तीच्या चौकटीत मात्र त्यास स्थान मिळाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. सुगत मित्र यांनी जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून मुले शिक्षकाविनाही त्याचा वापर शिकतात, हे दाखविले. मग शिक्षकाच्या परिचयाची एवढी चिंता कशासाठी? याचे उत्तर असे की, मुले यंत्र शिकतात हे त्या प्रयोगाने दाखविले. यंत्राद्वारे कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे ठरविण्यासाठी मोठ्या माणसाची सोबत लागते. कासव षट्कोणाकडे वळले, हे मूल पाहते. ते का वळले, हा प्रश्न वर्गात उभा करण्याचे काम शिक्षकाचे आहे.

शिक्षकाच्या पुढाकाराने काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही कल्पना स्वीकारली गेली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हा गौरव यथोचित आहे. मात्र त्यातून व्यवस्थेचे समर्थन होत नाही. येथे आरंभ वर्गाच्या गरजेतून झाला. यंत्र नंतर आले. व्यवस्थेने मात्र वीस वर्षे याच्या उलट क्रम पाळला. अपवादांचा सत्कार करणे हा नियम सुधारण्याला पर्याय ठरू शकत नाही.

९. निष्कर्ष

१) ‘क्लास’ प्रकल्पाने शिक्षकास संगणक हा अभ्यासविषय म्हणून दिला, ‘एमएस-सीआयटी’ने तो कार्यालयीन साधन म्हणून दिला. अध्यापनाचे साधन म्हणून तो देण्याची जबाबदारी दोहोंपैकी कोणीही पूर्णतः स्वीकारली नाही.

२) पहिल्या टप्प्यातील प्रमुख अडसर भाषेचा व लिपीचा होता, दुसऱ्या टप्प्यात भाषेचा अडसर दूर झाला, परंतु विषयज्ञानाशी असलेला दुवा तुटलेलाच राहिला.

३) ‘साक्षरता’ या रूपकाने शिक्षकाच्या अनुभवाचे अवमूल्यन केले. प्रशिक्षणाचा प्रारंभ शिक्षकाला काय येत नाही येथून न होता, त्याला वर्गाविषयी काय ठाऊक आहे येथून होणे आवश्यक होते.

४) वेतनवाढीच्या सक्तीमुळे प्रसार वेगाने झाला, परंतु परिचय प्रमाणपत्रापाशी थांबला.

५) मराठवाड्यासारख्या अनुशेषग्रस्त प्रदेशात वीज, यंत्रसंख्या व शाळेचा आकार विचारात घेऊन स्वतंत्र प्रशिक्षण-आराखडा आखण्याची गरज होती, ती दुर्लक्षित राहिली.

१०. समारोप

हा इतिहास आता जुना झाला, असे मानण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ आले, २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा शिक्षकांशी परिचय करून देण्याचे उपक्रम आखले जात आहेत. यंत्र बदलले आहे. प्रश्न तोच आहे. या नव्या परिचयाचा आरंभ पुन्हा कळा आणि खिडक्यांपासून होणार, की फळ्यावर उभ्या असलेल्या एखाद्या न सुटणाऱ्या उदाहरणापासून? १९८४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांनी दिले, २००२ नंतर प्रशासनाने दिले. हे उत्तर देण्याची पाळी आता शिक्षकाची आहे आणि त्यासाठी त्यास प्रथम विचारले गेले पाहिजे. ५० तासांपैकी निदान पहिला तास तरी शिक्षकाने बोलावे व प्रशिक्षकाने ऐकावे, एवढी व्यवस्था झाली, तरी चार दशकांच्या या प्रवासातून काही शिकल्यासारखे होईल.